दहा व्होल्ट आणि नायलॉनची साडी

चाचांकडे नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला साडी बदलायला सांगितली.

हे वाक्य मी मुद्दाम असं लिहिलंय. माझं लिहिलेलं सूनबाई सगळ्यांच्या आधी वाचते, आणि वाचताना तिच्या हातात चहा असतो. सांडला तर सांडू दे.

साडी नायलॉनची होती. मोरपंखी, आणि तिच्यावर बशीएवढी पिवळी फुलं. नागपूरहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा पहिल्या वर्गात घेऊन आले म्हणून वडिलांनी घेऊन दिलेली. त्या वेळची मी म्हणजे काय सांगावं! चंद्रपुरात डिप्लोमा झालेली आपल्याशिवाय दुसरी बाई नाही, अशी माझी खात्री होती, आणि ती खात्री चेहऱ्याला पावडरीसारखी लावून मी फिरत असे. रिक्षावाल्याला पत्ता सांगतानासुद्धा मध्ये एखादा इंग्रजी शब्द टाकायचे. तो बिचारा मला दोन गल्ल्या पुढे नेऊन सोडायचा, आणि मी तेवढं अंतर उन्हातून, पण ताठ मानेनं परत चालत यायचे.

चाचांची जागा परकोटाच्या आत, बाजाराला लागून. पुढच्या बाजूला त्यांच्या मोठ्या भावाचं गादीघर. त्यांना सगळा बाजार भाईजान म्हणायचा. कापूस पिंजून गाद्या, रजया, उशा भरायच्या, हा त्या घराचा जुना धंदा. गाद्यांच्या ढिगामधून एक माणूस अंग तिरकं करून जाईल एवढी वाट ठेवलेली असे, आणि त्या वाटेनं गेलं की मागे चाचांची खोली. चाचा इंजिनिअर. मोठ्या शहरात, मोठ्या प्रयोगशाळेत नोकरी करून, एके दिवशी ती सोडून परत आलेले. का सोडली म्हणून कुणी विचारलं की म्हणायचे, "तिथी गोंगाट लय होता." लोकांना वाटे, मोटारींचा.

चाचा बनवायचे व्होल्टेज रेफरन्स. घाबरू नका, सोपं आहे. भाजीवालीचं वजन खरं की खोटं हे बघायला शिक्का मारलेलं एक पक्कं वजन लागतं ना? तसं मीटर खरं सांगतो की थापा मारतो हे बघायला एक पक्कं व्होल्टेज लागतं. चाचांचा डबा दहा व्होल्ट द्यायचा. त्याच्यावर दिवासुद्धा लागणार नाही, इतका त्याला जोर कमी. त्याचं काम एकच, हलायचं नाही. एका व्होल्टचे दहा लाख तुकडे करा; त्यातल्या एका तुकड्याएवढं जरी ते थरथरलं तरी चाचांचं जेवणावरचं मन उडायचं. ही थरथर लाखपट मोठी करून ते एका यंत्राला देत. यंत्रात कागदाची गुंडाळी हळूहळू सरकायची आणि तिच्यावर एक पेन रेघ ओढायचं. रेघ सरळ आली की चाचा खूश. रेघेला केस फुटले की त्या दिवशी घरात कुणी मीठ मागायचं नाही.

तर पहिला दिवस. मी दारात उभी. चाचांची माझ्याकडे पाठ.

"बाई, जरा बाहेर जाता का?"

गेले.

"आता या."

आले. पेननं टुणकन उडी मारली.

"जा. या. परत जा."

तीनदा झालं. दर वेळी मी आत आले की पेन नाचायचं. मी मनात म्हटलं, बघा, यंत्रालासुद्धा कळतं कोण आलंय ते.

"तुमी नाई बाई, तुमची साडी," चाचा म्हणाले. "कोरड्या हवेत नायलॉन घासलं का वीज जमते. तुमी चालून राह्यल्या, न इकडं माही रेघ उड्या मारून राह्यली." मग आत तोंड करून, "अवो, बाईले एखादी सुती साडी द्या."

चाची धुऊन धुऊन मऊ झालेली साडी घेऊन आल्या. "घे बेटा. माया नायलॉनच्या साऱ्या साड्या पेटीत पडल्या हायेत. लोकायचे नवरे सोनं घेऊन देत नाई, आमच्यायनं तर असलेलं नायलॉन नेसू नाई दिलं."

मी साडी बदलून आले. रेघ सरळ. चाचा माझ्या मोरपंखी घडीकडे अशा नजरेनं बघत होते की मला वाटलं, रंग आवडला.

"बाई, ही साडी मले देऊन टाकता का? अशी वीज जमवणारी साडी मी पाह्यली नाई. डब्याजवळ झटकून पाहीन. रेघ नाई हालली तं डबा पास."

माझ्या कानातून वाफ निघायची बाकी होती. "चाचा, ही नागपूरच्या दुकानातली आहे."

"म्हणूनच तं," चाचा म्हणाले.

दिली नाही. पिशवीत घालून घरी नेली आणि आईला सांगितलं, की तिथला माणूस वेडा आहे, मी महिन्याच्या वर टिकणार नाही. पुढे माझं लग्न होईपर्यंत टिकले.

त्या खोलीचे कायदे निराळे. पंखा नाही. आमच्याकडच्या मे महिन्यात पंखा नाही, म्हणजे काय ते चंद्रपूरच्या माणसालाच कळेल. बाहेर कुत्री नाल्यात बसलेली, आणि आत आम्ही दोघं घामाच्या धारांत, एका डब्याकडे बघत. कारण असं की दोन वेगळ्या धातूंचा जोड एकीकडे गरम, एकीकडे गार झाला की तो स्वतःच इवलंसं व्होल्टेज बनवतो. पंख्याचा वारा लागला की रेघेवर टेकड्या उगवायच्या. मी एकदा चाचा नमाजला गेलेले बघून टेबलफॅन लावला. परत आल्यावर त्यांनी कागद पाहिला, बोट ठेवलं. "बाई, हा डोंगर तुमचा काय?" पुढे कितीतरी दिवस तो कागद भिंतीवर होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चाचा सांगायचे, "हा आमच्या बाईचा डोंगर."

वारा लागू नये म्हणून डब्यात भोवती कापूस. तो भाईजानच्या दुकानातला, ताजा पिंजलेला. भाईजान गिऱ्हाइकांना म्हणायचे, "दुनिया गादीवर माणूस झोपवते, आमचा भाऊ व्होल्टेज झोपवते." डबे बिस्किटांचे, पत्र्याचे, पत्र्यामुळे बाहेरची वीज बरीचशी बाहेरच राहते. चाचींच्या घरात त्यामुळे एक डबा राहिला नव्हता. "बिस्किटं आमी खावाची, डबा ह्यायनं न्यायचा. पीठ काय मी पदरात ठेवू?" पावसाळ्यात दार फुगतं तसं सर्किटचा बोर्डही फुगतो आणि मधल्या नाजूक पार्टला आवळतो, म्हणून त्या पार्टच्या भोवती चाचा करवतीनं फटी पाडून ठेवत. त्यांच्या घराची दारं मात्र पावसाळाभर लागायची नाहीत. तिकडे त्यांनी कधी करवत नेली नाही.

तो नाजूक पार्ट म्हणजे झेनर. त्यातून करंट सोडला की तो ठरलेलं व्होल्टेज धरून ठेवतो. पण प्रत्येक झेनर आतल्या आत कुजबुजतो. कुणी कमी, कुणी जास्त. काही तर दिवसचे दिवस गप्प बसून अचानक उडी मारत. त्यांना चाचा 'बेडूक' म्हणायचे आणि लोणच्याच्या बरणीत टाकायचे. महिनोन्‌महिने चालू ठेवून, रेघ बघून, जे खरंच शांत निघत त्यांतले चार एकत्र जोडायचे.

"चार जोडले म्हणजे कुजबुज पाव होणार," मी डिप्लोमाच्या आवाजात म्हटलं.

"नाई. अर्धी."

"असं कसं?"

"हे पाहा बाई. आमच्या मेव्हण्या चौघी. चौघी एकदम बोलल्या तं गोंगाट चौपट व्हाले पायजेन. पण एक वरच्या सुरात जाते तवा दुसरी खाली येते, थोडं एकमेकीचं खोडल्या जाते. गोंगाट होते दुप्पटच. तो चौघीत वाटला तं एकीच्या वाट्याले किती?"

"अर्धा," मी म्हटलं.

"माझ्याच बहिणी भेटल्या का गणिताले?" आतून चाची.

आणखी एक कायदा, चांगला डबा कधी बंद करायचा नाही. बंद करून चालू केला की तो पहिल्यासारखा राहीलच याचा भरवसा नाही. त्यामुळे कुठे न्यायचा तर बॅटरी लावून, चालू ठेवून. शहरभर विजेच्या तारा, त्यांची गुणगुण सगळीकडे. ती नसेल तिथे आपला डबा कसा वागतो हे बघायला चाचा जंगलाकडे जायचे. लोक मोहर्लीला वाघ दिसावा म्हणून जातात. चाचा त्याच जंगलात तारा दिसू नयेत म्हणून जायचे. एकदा आम्ही तिघं एटापल्लीला निघालो, तिथे चाचींचे भाऊ शिंपीकाम करत. चाचांच्या मांडीवर रजईत गुंडाळलेला डबा. मी खिडकीशी, काळा चष्मा लावून, आपण यांच्याबरोबर नाही असं दाखवत.

कंडक्टर आला. "चाचा, काय हाय त्याच्यात?"

"दहा व्होल्ट."

"खाली ठेवा न मंग."

"हादरे बसतात त्याले. आन बंदबी नाई करता येत, जिवंतच न्यावं लागते."

कंडक्टरनं रजईकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं, आणि कोंबडीचं तिकीट फाडून दिलं. चाचांनी ते जपून ठेवलं. म्हणायचे, माझ्या डब्याला सरकारनं पहिल्यांदा मान्यता दिली ती एस.टी.त.

दुसरी मान्यता मिळणं मात्र अवघड होतं, आणि तिच्यावरच सगळं अडलेलं होतं. लग्नसराईत भाईजानच्या गाद्या छताला टेकायच्या. रस्त्यावर ठेवाव्या तर धूळ, कोळशाची काजळी. त्यांना मागची खोली हवी होती, आणि त्यांचं काही चूक नव्हतं. चाचांचे डबे शेजारी कौतुकानं बघून जात, पण घेऊन कुणी जात नव्हतं. शेवटी ठरलं. चाचांच्या जुन्या ओळखीनं एका प्रयोगशाळेतले साहेब डबा तपासायला येणार होते. त्यांनी पसंत केला तर ते आणखी डबे बनवून घेणार आणि खोली चाचांची. नाही केला तर गाद्या आत, आणि चाचांचं हे काम संपलं. कारण महिनोन्‌महिने चालू ठेवायचे झेनर काही उशीखाली ठेवता येत नाहीत.

साहेब आले ते ऐन मे महिन्यात. सडपातळ, हसरे, अंगात राखाडी टेरिलीनचा सफारी सूट, पँटीची इस्त्री अशी की भाजी चिरावी. खाणीतल्या ब्लास्टिंगनं दुपारी आमची भांडी वाजतात म्हणून चाचांनी सकाळचीच वेळ घेतलेली. रस्त्यावरच्या बँडवाल्याला चाचींनी सरबत देऊन दुसऱ्या गल्लीत पाठवलं. साहेबांनी स्वतःचं यंत्र आणलं होतं. त्यांनी डब्याला तारा जोडल्या, स्टुलावर बसले, एका पायावर दुसरा पाय टाकला. कागद सरकू लागला.

रेघ सरळ. सरळ. सरळ. मग टुण्‌.

चाचांनी तारा बघितल्या. कापूस दाबला. साहेबांनी पाय बदलला. टुण्‌.

दारात भाईजान उभे होते. तोंडानं दुवा म्हणत होते की मनात गादीची लांबी मोजत होते, कोण जाणे. बहुतेक दोन्ही.

"चाचा," साहेब हळूच म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "मधल्या काळात फार सुंदर आहे हो. पण ह्या उड्या आहेत. एखादा तुमचा तो बेडूक राहिला असेल आत."

चाचांनी डब्यावरचा हात काढून घेतला. मान खाली. ज्या माणसानं एकेक झेनर महिनोन्‌महिने ऐकला होता, तो म्हणाला, "असंल साहेब. असंल."

तेवढ्यात साहेबांनी कंटाळून परत पाय बदलला, आणि मी तो आवाज ऐकला. टेरिलीनवर टेरिलीन घासल्याचा. बारीक, चर्र असा. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. माझ्या मोरपंखी साडीचा सख्खा भाऊच. मी चाचांकडे पाहिलं. चाचा साहेबांच्या पँटीकडे बघत होते आणि पटकन नजर दुसरीकडे नेत होते. म्हणजे त्यांना पहिल्या उडीपासून माहीत होतं. माहीत असून हा माणूस खोली सोडायला तयार होता, पण घरी आलेल्या पाहुण्याला कपड्यांवरून बोलायला तयार नव्हता.

आता माझ्यात चाचांचं एवढं वळण कुठून असणार? मी दोन दिवस आरशासमोर साहेबांशी बोलायची इंग्रजी वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एक आठवेना. म्हणून मी मराठीत म्हटलं, "साहेब, पँट काढा."

कापूस पडला असता तरी ऐकू आलं असतं. भाईजाननी भिंतीला हात टेकला.

"म्हणजे तुमची पँट टेरिलीनची आहे," मी घाईघाईनं म्हटलं. "पाय हलला की वीज जमते. माझी साडीपण अशीच होती, मलापण काढायला लावली होती." हे सांगून प्रकरण सुधारण्याऐवजी आणखी बिघडलं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पेनकडे. मग सावकाश, पेनवरची नजर न हलवता, पाय उचलला आणि दुसऱ्या पायावर ठेवला. टुण्‌.

"अरे बापरे," साहेब म्हणाले.

चाची काही न विचारता चाचांची सुती लुंगी घेऊन आल्या. साहेब गाद्यांच्या ढिगाआड गेले आणि लुंगी नेसून आले. वर राखाडी सफारी, खाली निळ्या चौकटी. स्टुलावर बसले. आणि त्या लुंगीच्या माणसासमोर रेघ निघाली. सरळ. खाणीकडे जाणाऱ्या रुळासारखी, सरळच सरळ. कागदाची गुंडाळी संपत आली तरी कुणी जागचं हलेना. मी घाम पुसायला हात उचलला आणि भाईजाननीच हातानं खूण करून मला थांबवलं.

"आमच्या लॅबमध्ये हिवाळ्यात अशाच उड्या येतात," साहेब शेवटी म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "आम्ही किती पार्ट फेकून दिले. कुणाच्या पँटीकडे कधी बघितलंच नाही."

डबा पसंत झाला. भाईजान म्हणाले, "ठीक हाय, गाद्या माडीवर चढवतो." आणि लगेच, "पण जिना तू रुंद करून देशील." साहेब संध्याकाळच्या गाडीनं गेले ते लुंगीतच, म्हणाले, घरी पोचेपर्यंत मला आता टेरिलीन नको. पँट त्यांनी घडी करून चाचांच्या हातात दिली. "ही तुमच्याकडेच शोभते."

त्यांना सोडून आल्यावर मी चाचांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना? मग मला पहिल्याच दिवशी कसं तोंडावर सांगितलंत?"

"तुमी तं घरच्या," चाचा म्हणाले, जणू हे मलाच आधी कळायला हवं होतं.

त्या दिवसापासून खोलीत एक खिळा आला आणि खिळ्यावर पँट. पुढचे डबे चाचा दुहेरी पत्र्याचे करायला लागले, आणि तयार झालेला प्रत्येक डबा तिच्यापुढे ठेवायचे आणि पँट झटकायचे. रेघ हलली नाही तर डब्यावर खडूनं 'पँट पास' लिहायचे. आणि खरं सांगू? मला तिचा हेवा वाटायचा. साहेबाच्या पँटीचा. तो खिळा माझ्या साडीला आधी मिळत होता, मीच नागपूरचं दुकान मध्ये आणलं.

मग लग्न होऊन मी नागभीडला आले. धानाची शेती, मुलं, नातवंडं. साडी पेटीत राहिली. नेसायची म्हटलं तर फुलं मोठी, आणि फेकायची म्हटलं तर हात धजेना.

गेल्या हिवाळ्यात नातीच्या कामानं चंद्रपूरला गेले, तेव्हा ती काढून नेसले. नात म्हणाली, "आजी, हे काय?" म्हटलं, तुला नाही कळायचं. गादीघर आता भाईजानच्या मुलाकडे आहे, गाद्या फोमच्या. गाद्यांमधली वाट मात्र तेवढीच, आणि मी तेवढी राहिले नाही. अंग तिरकं करूनही कशीबशी गेले. मागच्या खोलीत चाचा पाठमोरे बसलेले. दाढी पांढरी, मान थोडी हलते. आता पेन नाही. पुतण्यानं कॉम्प्युटर आणून दिलाय, रेघ पडद्यावर धावते. खिळ्यावर पँट होतीच, गुडघ्यांना भोकं पडलेली.

मी आवाज केला नाही. नुसती उंबऱ्यातून आत आले.

पडद्यावरची रेघ टुणकन उडाली.

चाचांनी मागे वळून पाहिलं नाही. "या बाई," म्हणाले. "पह्यले साडी बदलून या."

चाची सुती साडी आणायला वळल्यासुद्धा होत्या. मी बदलून आले, मोरपंखी साडीची घडी केली आणि चाचांच्या पुढ्यात धरली. त्यांनी ती घेतली, डब्यापुढे एकदा झटकली, पडद्यावर रेघ परत उडालेली बघितली आणि पसंतीची मान डोलावली.

चाचींनी खिळ्यावरची पँट जरा बाजूला सरकवली.